लाल वसाहती आणि दुपारचे ऊन

बारावीला जनुकशास्त्र शिकवणाऱ्या कुठल्याही शिक्षकाला खडूने काढायचा तो चौकोन पाठ असतो. उंच वाटाणा, बुटका वाटाणा. मोठा टी, लहान टी. चार घरे आणि खाली तीनास एक. विद्यार्थी तो दोन तासांत शिकतात, परीक्षेत पैकीच्या पैकी गुण मिळवतात, आणि ‘जनुक म्हणजे काय?’ असे विचारले की पुन्हा चौकोनच काढून दाखवतात. त्यात त्यांचा दोष नाही. जनुक काही काम करते आहे हे त्यांनी कधी पाहिलेलेच नसते. वाटाण्याची पुढची पिढी बघायची तर एक हंगाम थांबावे लागते. फळमाश्या पाळायच्या तर बाटल्या हव्यात, ईथर हवे आणि सुटलेल्या माश्यांमागे धावायची तयारी हवी. मीसुद्धा नोकरीची पहिली कितीतरी वर्षे त्या चौकोनावरच काढली.

या पुस्तिकेच्या पुढच्या पानांतले प्रयोग ज्या जिवावर बेतलेले आहेत, तो वाचकांच्या घरात अनेकदा येऊन गेलेला आहे. पाव फुगवणारे यीस्ट, शालेय पुस्तकांतले ‘किण्व’. गोव्यातले पोदेर पूर्वी पाव फुगवायला माडाची सूर वापरत, त्या सुरेतही यीस्ट असे. (इडलीच्या पिठाचे श्रेय मात्र त्याला देऊ नये, तिथे मुख्य काम लॅक्टिक आम्ल तयार करणाऱ्या जिवाणूंचे असते.) यीस्टची पेशी साधारण पाच मायक्रॉनची, म्हणजे एका मिलिमीटरच्या रेघेवर दोनशे पेशी ओळीने बसतील एवढी. पोषक माध्यमात ती दीड-दोन तासांत दुप्पट होते. एक पेशी अगरवर टाकून ३० अंश सेल्सिअसला ठेवली, तर दोन दिवसांत तिच्या वंशजांची टाचणीच्या डोक्याएवढी वसाहत दिसू लागते. प्रयोगशाळेत आम्ही तिला सरळ ‘कॉलनी’ म्हणतो. एका पूर्वजापासून झालेली, लाखोंची, एकसारखी कॉलनी.

इतका चिमुकला जीव असूनही यीस्ट जिवाणू नव्हे, हे आरंभीच लक्षात ठेवावे. त्याच्या पेशीत आपल्यासारखेच केंद्रक आहे, सोळा गुणसूत्रे आहेत, सुमारे १ कोटी २० लाख अक्षरांचा डीएनए आहे आणि त्यात सहा हजारांच्या आसपास जनुके आहेत. केंद्रक असलेल्या जिवांपैकी ज्याची जनुकीय संहिता सर्वांत आधी संपूर्ण वाचली गेली, तो हाच, साल १९९६. पेशी कधी विभागायची हे कसे ठरते, पेशीतला माल एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात कसा जातो, पेशी स्वतःचेच जुने भाग कसे पचवते, या प्रश्नांवर लेलँड हार्टवेल, रँडी शेकमन आणि योशिनोरी ओसुमी यांनी जे काम केले त्याचा मोठा भाग यीस्टवर झाला आणि तिघांनाही २००१, २०१३ व २०१६ अशी नोबेल पारितोषिके मिळाली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत पवित्रकुमार मैत्रा आणि झिटा लोबो यांनी यीस्ट ग्लुकोज कसे वापरते याचा जनुकांच्या अंगाने दीर्घ अभ्यास केला, हेही आपल्या विद्यार्थ्यांना माहीत असायला हवे.

या विषयाची वंशावळ थोडी सांगितली पाहिजे, कारण जनुकशास्त्र आणि अतिनील किरण एकाच पुस्तिकेत का आले, याचे उत्तर तिच्यात आहे. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हान्सेन यांनी १८८३ मध्ये बिअरसाठी एका पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवले. त्याच प्रयोगशाळेत १९३५ मध्ये ओयविंद विंगे यांनी दाखवले, की यीस्टच्या आयुष्यात गुणसूत्रांचा एकच संच असलेली एकगुणी अवस्था येते आणि दोन संच असलेली द्विगुणी अवस्थाही येते. अमेरिकेत कार्ल लिंडेग्रेन यांना एकगुणी पेशींचे दोन प्रकार सापडले. ‘ए’ आणि ‘अल्फा’ या नावांनी ते ओळखले जातात, आणि एकाची जोडी दुसऱ्याशीच जमते. सिअॅटलमध्ये हर्शेल रोमन यांनी लाल यीस्टवर काम सुरू केले. बर्कलीत रॉबर्ट मॉर्टिमर किरणोत्साराचा पेशींवर होणारा परिणाम तपासता तपासता यीस्टच्या गुणसूत्रांचा नकाशाच काढायला लागले. मॉर्टिमर यांच्यासोबत थॉमस मॅनी या तरुण संशोधकाने क्ष-किरणांच्या साहाय्याने एकाच जनुकातल्या बिघाडांच्या जागा मोजण्याची रीत बसवली; त्यांचा तो संयुक्त निबंध १९६४ चा. पुढे हेच मॅनी कॅन्सस स्टेट विद्यापीठात गेले आणि तिथे शाळेतल्या शिक्षकांना हाताशी धरून त्यांनी वर्गात करता येतील असे यीस्टचे प्रयोग रचले. आज जगभर शाळांत होणाऱ्या अशा प्रयोगांवर त्या कामाची छाप आहे. म्हणजे किरण आणि जनुक यांची सांगड शिक्षकांच्या सोयीसाठी मागाहून घातलेली नाही. ती दोन्ही एकाच घरात वाढलेली भावंडे आहेत.

आता प्रत्यक्ष प्लेटकडे येऊ. पहिल्याच प्रयोगात तुमच्या हातात दोन प्लेट येतील. एकीवर साय रंगाच्या गोल वसाहती, दुसरीवर लाल. दुसरीचा लाल रंग सुरुवातीला फिकट गुलाबी असतो. चार-पाच दिवस ठेवली तर वीटकरीकडे झुकतो. पुष्कळ विद्यार्थ्यांना वाटते, की लाल वाणाला रंग बनवणारे एखादे जादा जनुक मिळाले असेल. खरी गोष्ट नेमकी उलटी आहे. लाल वाणात एक जनुक बिघडलेले आहे.

ते कसे, हे समजावताना मी लग्नघरातल्या स्वयंपाकाचा दाखला देते. अॅडेनीन हे डीएनएच्या चार अक्षरांपैकी एक अक्षर पेशी स्वतः तयार करते, आणि ते काम टप्प्याटप्प्याने चालते. एकीने कणीक मळायची, दुसरीने पोळी लाटायची, तिसरीने तव्यावर टाकायची, चौथीने उलटून भाजायची. प्रत्येक टप्प्याला एक विकर असते आणि प्रत्येक विकरामागे एक जनुक. तव्यावर टाकणारी आली नाही, तर लाटलेल्या कच्च्या पोळ्यांची चळत वाढत जाते. यीस्टच्या पेशीत हा अडकून पडलेला कच्चा माल रिक्तिकेत साठतो, तिथे प्राणवायूमुळे बदलतो आणि लाल दिसतो. या टप्प्याचे जनुक ‘एडीई-२’ आणि त्याच्या पुढच्या टप्प्याचे ‘एडीई-१’. दोन्हींपैकी कुठलेही बिघडले तरी चळत तीच साठते आणि वसाहत लालच होते. डोळ्यांना दोन्ही वाण सारखेच दिसतात.

आणि इथेच माझ्या मते या सगळ्या विषयातली सर्वांत देखणी गोष्ट घडते. एडीई-२ बिघडलेल्या ‘ए’ प्रकारच्या लाल वाणाचा कण टूथपिकने उचलून प्लेटवर एक ठिपका द्यायचा. शेजारी एडीई-१ बिघडलेल्या ‘अल्फा’ प्रकारच्या लाल वाणाचा ठिपका द्यायचा. तिसऱ्या, निर्जंतुक टूथपिकने दोन्हींमधले थोडे थोडे घेऊन मध्ये एकत्र कालवायचे. काही तासांनी त्या मिश्रणातला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर गोल पेशी एकमेकींच्या दिशेने नासपतीसारख्या लांबट झालेल्या दिसतात; जोडीदाराचा रासायनिक निरोप पोचल्याची ही खूण. पुढच्या दोन दिवसांत दोन्ही बाजूंचे ठिपके लाल होतात आणि मधला ठिपका साय रंगाचा होऊ लागतो. लालात लाल मिसळून पांढरे झाले. एका स्वयंपाकघरात तव्यावर टाकणारी नव्हती, दुसऱ्यात उलटणारी नव्हती. दोन्ही घरे एक झाली आणि पंगत उठली. ‘अप्रभावी’ हा शब्द आणि दोन जनुकांची ‘पूरकता’ ही कल्पना ज्याने हा मधला ठिपका पाहिला आहे, त्याला घोकावी लागत नाही. दोन्ही बाजूंना एडीई-२ च बिघडलेले असेल, तर मधला ठिपका लालच राहतो. तोही करून पाहावा.

एकगुणी अवस्थेचा मोठा फायदा इथे उमगतो. गुणसूत्रांचा एकच संच असल्यामुळे बिघडलेल्या जनुकावर पांघरूण घालायला दुसरी प्रत नसते, आणि जे आहे ते लगेच दिसते. म्हणूनच वाण्याकडच्या पाकिटातले कोरडे यीस्ट या कामाला चालत नाही. पाव बनवण्यासाठी निवडलेल्या त्या वाणांत बहुधा गुणसूत्रांचे दोन किंवा त्याहून अधिक संच असतात. एका प्रतीत बिघाड झाला तरी बाकीच्या त्याला सांभाळून घेतात. तुमच्या विद्यार्थ्यांनी उत्साहाने पाकीट आणून ‘लाल काही निघत नाही’ अशी तक्रार केली, तर त्यांना ओरडू नये. त्यांना एक चांगला प्रश्न सापडला आहे.

द्विगुणी यीस्टला उपाशी ठेवले, की ते चार बीजाणू तयार करते. दुकानात बिले चुकती करताना प्रत्येक रुपयाचा हिशेब लागावा, तसे या चौघांत जनुकांचे वाटप होते: दोघांना एक प्रत, दोघांना दुसरी. मेंडेलच्या गुणोत्तरासाठी शेकडो दाणे मोजावे लागतात, कारण तिथे योगायोगाचा भाग असतो. इथे एकाच विभाजनातून निघालेले चारही जण एका पिशवीत शेजारी शेजारी बसलेले असतात. ते सुईने वेगळे करायला सूक्ष्म उपकरण आणि स्थिर हात लागतो, म्हणून वर्गासाठी पिशव्या फोडून सुटे बीजाणू पसरण्याची सोपी रीत पुढे दिली आहे. हा भाग पहिल्या वाचनात वगळला तरी चालेल.

आता उन्हाकडे वळू. सूर्याच्या अतिनील किरणांचे तरंगलांबीनुसार तीन गट पाडतात. २८० नॅनोमीटरच्या खालचे ‘सी’ किरण सर्वांत घातक, पण ते वातावरणातच अडतात. २८० ते ३१५ चे ‘बी’ किरण बरेचसे ओझोनच्या थरात अडतात, थोडे खाली पोचतात. ३१५ ते ४०० चे ‘ए’ किरण मोठ्या प्रमाणात पोचतात. ‘बी’ किरण डीएनएला थेट इजा करतात. साखळीत शेजारी आलेली दोन थायमीन एकमेकांना चिकटतात. शिवणीत दोन टाके एकमेकांत गुंतले की सुई अडते, तसे डीएनएची नक्कल करणारे विकर तिथे अडते. असा एकही दोष दुरुस्त झाला नाही, तर पेशी मरण्याची किंवा चुकीची नक्कल होण्याची भीती असते.

इथे वाचकांनी क्षणभर थांबून एक हिशेब करावा. रानातले झाड, कौलावरचे शेवाळ, भर दुपारी भाताची लावणी करणारा शेतकरी, सगळे दिवसभर या किरणांत असतात. मग सगळे मरत कसे नाहीत? कारण प्रत्येक पेशीत डागडुजीची व्यवस्था असते आणि ती व्यवस्था जनुकांत लिहिलेली असते. यीस्टमध्ये अशा तीन वाटा सहज दाखवता येतात. पहिलीत ‘फोटोलायेज’ नावाचे विकर उजेडाचीच शक्ती वापरून चिकटलेली थायमीन सोडवते. दुसरीत दोषाभोवतीचा डीएनएचा तुकडा कापून काढला जातो आणि समोरच्या साखळीवरून नवा भरला जातो. तिसरीत नक्कल करताना दोष ओलांडून पुढे जायची सोय असते. या वाटांच्या जनुकांपैकी अनेकांची नावे ‘रॅड’ या अक्षरांनी सुरू होतात. किरणोत्सारासाठीच्या इंग्रजी शब्दाची ती पहिली अक्षरे. वर्गातल्या प्रयोगासाठी मॅनी यांच्या प्रकल्पाने जो उन्हाला हळवा वाण वापरात आणला, त्यात या तिन्ही वाटा बंद केलेल्या आहेत. रॅड-१, रॅड-१८ आणि फोटोलायेजचे जनुक, तिन्ही बिघडलेली. वाढायला, खायला, विभागायला त्याला काही अडचण नाही. फक्त उन्हात तो उघडा पडतो.

या प्रयोगाची मांडणी अगदी घरगुती आहे. द्रावण दहापटीने, पुन्हा दहापटीने पातळ करत नेऊन एका प्लेटवर साधारण दोनशे पेशी येतील असे बघायचे. प्लेटचा अर्धा भाग अॅल्युमिनियमच्या कागदाने झाकायचा. उघड्या अर्ध्यावर पातळ पारदर्शक प्लास्टिकची फिल्म ताणायची. तिच्यावर काहीही न लावता एक प्लेट, ऊन अडवणारे मलम लावून दुसरी, ओढणीच्या तुकड्याखाली तिसरी. गच्चीवर दुपारी बाराला, घड्याळ लावून काही मिनिटे. मग सगळ्या प्लेट अंधारात, दोन दिवस. समजा, झाकलेल्या अर्ध्यात ९६ वसाहती आल्या आणि उघड्यात ६, तर जगलेल्यांचे प्रमाण सुमारे सहा टक्के. एवढे साधे गणित. पण ते गणित पुस्तकातले नसते. वसाहती पेनने प्लेटच्या पाठीवर ठिपके देत देत मोजलेल्या असतात, आणि शेवटच्या दोन मोजायच्या की नाही यावर दोघांचे भांडण झालेले असते.

माझ्या पहिल्या प्रयत्नाची फजिती सांगितली पाहिजे. आमच्याकडे काचेच्या पेट्री डिश होत्या. धूळ नको म्हणून मी झाकणे तशीच ठेवून त्या वीस मिनिटे उन्हात मांडल्या. दोन दिवसांनी पाहते तो हळवा वाण दोन्ही अर्ध्यांत छान वाढलेला. वाण खराब झाला, असे ठरवून मी नवा मागवायला निघाले होते. तेवढ्यात मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, की झाकण काढले होते का. काचेने ‘बी’ किरणांचा मोठा भाग अडवला होता. त्या दिवशी मुले एक गोष्ट शिकली, ती माझ्या पाठाच्या टिपणात नव्हती: बसच्या काचेआड बसलेल्याला ऊन चटके देते, तरी ‘बी’ किरण त्याच्यापर्यंत फारसे पोचत नाहीत; ‘ए’ किरण मात्र पुष्कळसे पोचतात. ऊन भाजते म्हणजे त्यात अतिनील जास्त, असे समीकरण नाही. तेव्हापासून मी झाकणाचा प्रयोग मुद्दाम करून घेते.

या शास्त्रातले एक मोठे शोधकार्यही असेच प्लेटच्या मांडणीतून निघाले. १९४९ मध्ये अमेरिकेत अल्बर्ट केल्नर अतिनील किरणांनी मारलेले सूक्ष्मजीव पुन्हा जिवंत कसे होतात हे पाहत होते, आणि त्यांचे आकडे रोज वेगळे यायचे. तापमानावर संशय घेतला, पण दोष तिथे सापडेना. शेवटी लक्षात आले, की काही नमुन्यांवर उजेड पडत होता आणि काहींवर नाही. त्याच वर्षी इंडियाना विद्यापीठात रेनातो दुल्बेको यांना दिसले, की एकावर एक रचलेल्या प्लेटपैकी वरच्या, ट्यूबच्या उजेडातल्या प्लेटवर जगलेले विषाणू अधिक आहेत. उजेड जखम भरून काढतो, ही कल्पना तिथून पुढे आली. ते काम करणारे विकर पुढे क्लॉड रूपर्ट यांनी दाखवून दिले. त्यांचे विद्यार्थी अझीझ संजार यांनी १९७६ मध्ये त्याचे जनुक वेगळे केले आणि डीएनएच्या दुरुस्तीवरच्या कामासाठी २०१५ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. हा प्रयोग तुम्हालाही करता येईल. साध्या वाणाच्या दोन प्लेट सारखाच वेळ निर्जंतुकीकरणाच्या अतिनील दिव्याखाली धराव्यात, मग एक तासभर ट्यूबलाइटखाली आणि दुसरी लगेच अंधारात ठेवावी. दोन दिवसांनी उजेडातल्या प्लेटवर वसाहती अधिक मिळतील. हळव्या वाणात तो फरक दिसणार नाही. दिवा मात्र शिक्षकांनीच हाताळावा, डोळ्यांवर संरक्षक चष्मा आणि हातात मोजे असावेत, आणि विद्यार्थ्यांनी पेटलेल्या दिव्याकडे पाहू नये. यात कुठलीही सूट नाही.

यीस्टवरून माणसाबद्दल काय म्हणता येते, हा प्रश्न वर्गात हमखास येतो. झेरोडर्मा पिगमेंटोझम नावाचा एक दुर्मीळ आनुवंशिक आजार आहे. अशा मुलांना ऊन अजिबात सोसत नाही, आणि त्वचेचे कर्करोग लहान वयातच होऊ शकतात. १९६८ मध्ये जेम्स क्लीव्हर यांनी दाखवले, की त्यांच्या पेशींत कापून भरायची वाट बिघडलेली असते. यीस्टच्या रॅड-१ चे माणसातले भावंड ‘एक्सपीएफ’ या जनुकाच्या रूपाने याच आजाराशी जोडलेले आहे. प्लेटवर ज्या जागी एकही वसाहत उगवली नाही, तिथे हे सांगताना वर्ग गप्प होतो. फोटोलायेजच्या बाबतीत मात्र यीस्ट आपल्यापेक्षा श्रीमंत आहे. आपल्याकडे ते विकर नाही. त्याच्या कुळातली प्रथिने आपल्या शरीरात आहेत, पण ती दुरुस्ती करत नाहीत. दिवस-रात्रीचे घड्याळ चालवतात.

एका मोहापासून वाचकांनी सावध राहावे. प्रयोग इतका बोलका आहे, की कुठले मलम चांगले याची यादीच करावीशी वाटते. मलमावरचा एसपीएफचा आकडा माणसाच्या त्वचेवर, दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम मलम लावून, त्वचा लाल व्हायला किती ऊन लागते यावरून काढतात. यीस्टला त्वचा नाही, रंगद्रव्य नाही, घामही येत नाही. तेव्हा आपल्या प्लेटवरून एसपीएफ काढू नये. ‘या फिल्मवर, या उन्हात, याने इतके किरण अडवले’ एवढेच म्हणावे. तुलना मात्र जरूर करावी. सुती पदर आणि सिंथेटिक ओढणी, कोरडे कापड आणि ओले कापड, काळी छत्री आणि रंगीत छत्री, फुटपाथवरचा गॉगल आणि दुकानातला गॉगल, आजीचे खोबरेल तेल. गॉगल गडद असला म्हणजे तो अतिनील किरण अडवतोच असे नाही, हे प्लेटवर पाहिलेला मुलगा घरी जाऊन बापाला सांगतो. ही माहिती कुठल्याही जाहिरातीपेक्षा लांब पोचते.

साधनांबद्दल फार धास्ती बाळगू नये. ऑटोक्लेव्ह नसेल तर प्रेशर कुकर चालतो. यीस्ट अर्क एक टक्का, ग्लुकोज दोन टक्के, अगर दोन टक्के, बाकी पाणी. शिट्टीनंतर मंद आचेवर वीस मिनिटे. टूथपिकही त्याच कुकरमध्ये डब्यात घालून निर्जंतुक होतात. तीस अंशांची पेटी नसली तर आपल्याकडचे बहुतेक महिने ते काम फुकट करतात. थंडीत वसाहती एक दिवस उशिरा येतील, इतकेच. वाण मात्र मान्यताप्राप्त संग्रहातूनच आणावा. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे, तिथे यीस्टचे पुष्कळ वाण जतन केलेले आहेत. तुम्हाला हवा तो वाण सूचीत आहे का, हे आधी पत्राने विचारून घ्यावे. हे यीस्ट निरुपद्रवी असले, तरी काम झालेल्या प्लेट कुकरमध्ये शिजवून किंवा ब्लीचच्या द्रावणात बुडवूनच टाकाव्यात, आणि अन्नाचा कुकर वेगळा असावा, हे सांगायला नको.

उन्हाच्या प्रयोगासाठी मे महिना निवडता आला तर उत्तम. महाराष्ट्रातल्या बहुतेक गावांवरून त्या महिन्यात सूर्य डोक्यावरून जातो आणि शून्य सावलीचा दिवस येतो. किरणांना ओझोनच्या थरातून सर्वांत तोकडा रस्ता तेव्हा मिळतो, म्हणून निरभ्र आकाशात अतिनील निर्देशांक ११ च्या वर जाणे नवलाचे नाही. शाळांना तेव्हा सुटी असते, हे मला ठाऊक आहे. मग निदान तोच प्रयोग डिसेंबरात एकदा आणि मार्चअखेर एकदा करावा आणि दोन्ही वेळच्या वसाहतींचे आकडे एकाच तक्त्यात लिहावेत. ढग आला तर वेळ नोंदवावी, प्लेट फेकू नये.

प्रयोग कुठल्या क्रमाने करावेत, असे विचाराल तर माझा सल्ला सोपा आहे. आधी लाल आणि साय रंगाच्या वसाहती पसरून चार दिवस नुसत्या पाहाव्यात. मग लालात लाल मिसळून मधल्या ठिपक्याची वाट पाहावी. त्यानंतर हळव्या वाणाला उन्हात न्यावे, आणि झाकणाचा, उजेडाचा, कापडाचा प्रयोग त्यामागून करावा. मोजणीसाठी आलेख लॉग कागदावर काढावा, नाहीतर नव्वद टक्के पेशी मेल्या की नव्याण्णव टक्के, हा फरक रेघेत हरवतो.

आणि लाल वसाहतींच्या रांगेत एखादी पांढरी दिसली, तर ती कचरा समजून सोडू नये. कधी ते बाहेरून आलेले प्रदूषण असते. कधी मात्र आपल्या स्वयंपाकघरात कणीक मळणारीही गैरहजर झालेली असते: आधीच्या टप्प्याचे आणखी एक जनुक बिघडले, लाटायलाच काही उरले नाही, म्हणून चळतही नाही आणि लालही नाही. कधी पेशीची प्राणवायू वापरण्याची शक्ती गेलेली असते. टूथपिक घ्यावी, ती पांढरी वसाहत नव्या प्लेटवर रेघांमध्ये पसरावी, पाठीवर तारीख लिहावी आणि दोन दिवस थांबावे.